तीन मात्रांची चाल

जॅझमध्ये बेस वाजवणारा 'चालतो', म्हणजे प्रत्येक मात्रेला एक स्वर टाकत एका कॉर्डवरून पुढच्या कॉर्डवर जातो. चार मात्रांच्या बारमध्ये पहिल्या मात्रेला कॉर्डचा मूळ स्वर, चौथीला पुढच्या मूळ स्वराच्या शेजारचा स्वर, आणि मधल्या दोन मात्रा मोकळ्या. वॉल्ट्झमध्ये मात्रा तीनच. दोन्ही टोकं बांधली की हातात उरते ती एकटी मधली. वॉल्ट्झमधला बेसवाला मी त्या मधल्या मात्रेवरून ओळखतो.

'समडे माय प्रिन्स विल कम' हे डिस्नेच्या १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'मधलं गाणं जॅझवाल्यांनी कधीच आपलं केलं आहे. त्याच्या सुरुवातीला दर बारला कॉर्ड बदलते. पहिल्या चार कॉर्डचे मूळ स्वर सा, ग, म, ध. मी त्यावर असा जातो: सा, रे, कोमल ग, शुद्ध ग, कोमल ध, तीव्र म, शुद्ध म, प, कोमल ध, आणि मग शुद्ध ध. घरात पेटी असेल तर सावकाश वाजवून पाहा. रागदारीवर पोसलेल्या कानाला दोन्ही गंधार, दोन्ही मध्यम असे लागोपाठ खटकतील. पण बारचा शेवटचा स्वर पुढच्या बारच्या पहिल्या स्वरावर कसा कलंडतो, ते लगेच कळेल. दुसऱ्या बारची गंमत वेगळी आहे. ग आणि म अगदी लागून असल्यामुळे सरळ गेलं तर वाट एका पावलात संपते. म्हणून वर कोमल धैवतावर जायचं आणि तीव्र मध्यमावरून खाली यायचं. कोमल धैवत त्या कॉर्डमधलाच असल्याने तिचा रंगही कानावर पडतो. मधली मात्रा कारणी लागते ती अशी.

बोटांचं दुखणं निराळं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने तार ओढतात. चारात पहिली मात्रा कायम तर्जनीची. तिनात ती एका बारला तर्जनीवर, पुढच्या बारला मधल्या बोटावर येते. मधल्या बोटाची ओढ जड, त्यामुळे एकाआड एक बार उगीच ठळक होतो. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी दोन बार जोडून दादऱ्यासारखं सहा मात्रांचं आवर्तन धरायला लावतो. सहा मात्रांनी बोटं मूळ क्रमावर येतात, आणि मुख्य म्हणजे मुलं लांबचा विचार करू लागतात. बारपुरतं पाहणाऱ्याच्या हातून बँडबाज्याचं ठुम-चक-चकच निघतं.

चालायला लागायचं कधी, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. याच गाण्याच्या नावाने १९६१ साली आलेल्या माइल्स डेव्हिसच्या अल्बममध्ये पॉल चेंबर्स सुरुवातीला एका पंचमावर ठाण मांडून बसतो. गाणं पुढे सरकावं म्हणून आपण आसुसतो, तरी तो हलत नाही. म्हणूनच पुढे त्याची चाल सुरू झाली की अंगात वारं शिरतं. त्याच वर्षी २५ जूनला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये बिल इव्हान्सच्या त्रयीने 'वॉल्ट्झ फॉर डेबी' वाजवलं. तिथे स्कॉट लाफॅरो मुख्य धुनेत चालण्याच्या भानगडीत पडत नाही. पियानोशी बोलत राहतो. पियानोचं एकलवादन आलं की तिघेही चक्क चार मात्रांवर जातात! अकरा दिवसांनी लाफॅरो मोटार अपघातात गेला. वय अवघं २५.

लाफॅरो मला जिवापाड प्रिय आहे, तरी नव्या मुलांना मी आधी चेंबर्सच ऐकवतो. त्याच्या मागे बोट ठेवून मात्रा मोजता येतात.