मामाची मुलगी, कापरा हात आणि गोळीची मात्रा

नांदेड-लातूरकडं मामाची मुलगी करून घेणं हे आजही पुष्कळ घरांत रीतीचंच मानलं जातं. माणसं पारखलेली असतात, सोयरीक पक्की होते. पण घरात कुणाला ऐन तरुणपणी कंपवात जडला, तर हीच माहिती डॉक्टरांना गोळीची मात्रा ठरवताना कामाला येते.

कंपवात म्हणजे पार्किन्सन. मेंदूतलं डोपामिन कमी पडतं, हात कापतो, चाल मंदावते. बहुतेकांना तो साठीच्या आसपास होतो आणि घराण्यातून आलेला नसतो. चाळिशीच्या आत सुरू झाला, तर मात्र जनुकांकडं बघावं लागतं. 1998 साली जपानी संशोधकांनी ‘पार्किन’ नावाचं जनुक शोधलं. त्यातला दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच. त्यामुळं एकच दोष दोघांतही असण्याची शक्यता वाढते. तसं असलं, तर प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारात एक.

अशा दोषानं आजारी पडलेली माणसं लवकर ओळखू येत नाहीत. पस्तिशीतल्या माणसाचा पाय चालताना आत वळतो, चप्पल निसटते. सकाळी उठल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, दुपारी पुन्हा तेच. घरचे म्हणतात, लचक भरली असंल.

पार्किनच्या या प्रकारात लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाची थोडी मात्रासुद्धा छान लागू पडते. धोकाही तिथंच आहे. तरुण रुग्णांत काही वर्षांतच अंग आपोआप वळवळायला लागतं. म्हणून डॉक्टर कमी मात्रेपासून सुरुवात करतात आणि सावकाश वाढवतात. ‘एका गोळीनं एवढा फरक, तर दोन घेऊ’ हा हिशोब इथं महागात पडतो. वेळही सांभाळावी लागते. डाळीतली प्रथिनं लेव्होडोपाची वाट अडवतात. तेव्हा लातूरच्या तूरडाळीचं वरण खुशाल खावं, पण गोळी त्याआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी घ्यावी. खाजकुहिलीच्या बियांतही लेव्होडोपाच असतं, म्हणून तिचं चूर्ण डॉक्टरांना न सांगता गोळीच्या जोडीला घेऊ नये.

कंपवाताशी जोडलेल्या ‘जीबीए’ या दुसऱ्या जनुकाची गोष्ट वेगळी. त्यात दोष असलेल्यांची स्मरणशक्ती लवकर ढळू शकते, भास होऊ शकतात. अशा रुग्णाला कापरं थांबवणारी ट्रायहेक्सिफेनिडिल देताना डॉक्टर फार जपतात, बहुतेकदा टाळतातच. खोकल्यावरचं अँब्रोक्सॉल या जनुकासाठी उपयोगी पडेल का, याची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये चालू आहे. त्यातली मात्रा खोकल्याच्या औषधाच्या कितीतरी पट आहे. घरातल्या बाटलीवर प्रयोग नकोत.

जनुक पाहून थेट त्याचीच गोळी द्यावी, असं औषध अजून दुकानात आलेलं नाही. शिवाय परदेशातला शोध इथं जसाच्या तसा लागू पडत नाही. ज्यू आणि उत्तर आफ्रिकी रुग्णांत वारंवार सापडणारा ‘एलआरआरके2’ या जनुकातला ठळक दोष भारतीयांत अगदी विरळा आहे. आपल्याच रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास म्हणूनच फार गरजेचा आहे.

नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा, लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत जा, नाहीतर पुण्याला. जाताना एक कागद सोबत न्या. घरात कुणाचा हात कापत होता, कितव्या वर्षापासून, नात्यात लग्नं कुणाकुणाची झाली, कोणती गोळी किती वाजता घेता, एवढं त्यावर लिहा. आणि चालू असलेली गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका.