चार वजनकाट्यांवरची गाडी

फॉर्म्युला एलजीबी ४ ही गाडी पहिल्या नजरेत कुणाला भुरळ घालणार नाही. पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा, त्यावर फायबरचं पातळ आवरण, चालकाच्या पाठीशी मारुती सुझुकी स्विफ्टचं १३०० सीसीचं इंजिन. चारही चाकं उघडी, आसन एकच. गिअर हाताने टाकायचा, क्लच पायाने दाबायचा. हवेने गाडी जमिनीवर दाबून धरणारे पंख पुढेही नाहीत आणि मागेही नाहीत. कार्टमधून उठून मोठ्या गाडीत बसू पाहणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी मुलांचं पहिलं आसन हेच.

संपादकांना खरं तर चेन्नईवर लेख हवा होता. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस तिथे आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या साडेतीन किलोमीटर रस्त्यावर रात्रीच्या दिव्यांत फॉर्म्युला ४च्या गाड्या धावल्या, त्याची सगळीकडे चर्चा होती. पण चेन्नईच्या दिव्यांआधी जिथे हे सगळं शिकवलं जातं ते कोइंबतूर पाहावं, असं मनाने घेतलं. शहराबाहेर चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे. लांबी जेमतेम २.१ किलोमीटर. शर्यतीच्या शनिवारी सकाळी तिथे पोहोचलो आणि गॅरेजच्या रांगेत एका जागी जो खिळलो, तो दुपारपर्यंत तिथेच होतो.

त्या जागेकडे वळण्याआधी इतिहास थोडक्यात. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबच्या शर्यती कित्येक दशकं तिच्यावर झाल्या, मग क्लबने इरुंगाट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला. कोइंबतूरचे एस. करिवर्धन हे याच काळातले. गिरणीमालकांच्या घरातला हा माणूस, पण जीव रमायचा तो गाड्या बांधण्यात. परदेशी रेसिंग गाडी आणणं ज्या काळात जवळजवळ अशक्य होतं, त्या काळात करींनी मारुती ८००चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेतलं आणि त्याभोवती छोटी सिंगल-सीटर उभी केली. ती फॉर्म्युला मारुती. सर्वसाधारण कुटुंबातल्या मुलालाही शर्यतीत उतरता यावं, हा त्यांचा हट्ट होता. १९९५मध्ये उड्डाणाच्या एका अपघातात ते गेले. २००३मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकला त्यांचं नाव आहे. गाडीच्या नावातलं एलजीबी म्हणजे इथलीच एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स ही कंपनी. आपल्या मोटारसायकलींना लागणाऱ्या ‘रोलॉन’ साखळ्या तिच्याच. जेके टायरच्या राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेने २०२४मध्ये सत्ताविसावा मोसम गाठला. करींच्या हट्टाचं फळ आजही त्या मालिकेत दिसतं.

आता गॅरेज. फरशीवर चार चपटे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे मांडलेले, प्रत्येक काट्यावर एक चाक. पन्नाशीतला एक मेकॅनिक उकिडवा बसून गाडीखाली पाहत होता. त्याचं नाव मी छापत नाही, त्याला ते नको होतं. आसपासची सगळी पोरं त्याला अण्णा म्हणत आणि तो प्रत्येकाला ‘तंबी’, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. इंग्रजी मोजकी, हिंदी त्याहून मोजकी, मला तमिळ शून्य. तरीही त्याने जे दाखवलं ते समजायला अडचण आली नाही, कारण तो बोलण्यापेक्षा हातानेच जास्त समजावत होता.

काटे ठेवण्याआधीच त्याचा अर्धा तास फरशीत गेला होता. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन त्याने चारही जागांची पातळी जुळवली, जिथे कमी भरली तिथे पत्र्याचे पातळ तुकडे सरकवले. फरशी तिरकी असेल तर काटे खोटं बोलतात. मग टायरमधली हवा ठरल्याप्रमाणे भरली, दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार सोडवला आणि मुलाला हेल्मेट-हातमोज्यांसकट गाडीत बसवलं. चालकाशिवाय केलेल्या वजनाला काही अर्थ नाही. शर्यतीत गाडी आणि चालक मिळून एक किमान वजन भरावं लागतं, म्हणून अंगाने हलक्या मुलाच्या गाडीत शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळतात. त्या शक्य तितक्या खाली आणि नेमक्या कुठे बसवायच्या, यावरही अण्णाचं स्वतःचं मत होतं.

चार काट्यांवर चार आकडे आले. त्याने ते पाटीवर लिहिले, तिरक्या रेघा मारल्या आणि बेरजा केल्या. पुढचं डावं अधिक मागचं उजवं एक बेरीज, पुढचं उजवं अधिक मागचं डावं दुसरी. दोन्ही सारख्या हव्यात. डुगडुगणाऱ्या चौरंगाचे समोरासमोरचे दोन पायच जमिनीला टेकतात, तसंच इथे होतं. फक्त गाडीला स्प्रिंग असल्यामुळे डुगडुग डोळ्यांना दिसत नाही, चालकाला वळणावर कळते. एका तिरप्या जोडीवर भार जास्त पडला की गाडी एका बाजूच्या वळणावर नाक बाहेर टाकते आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर शेपूट सोडते. पुढच्या डाव्या नि मागच्या उजव्यावर भार जास्त असेल, तर उजवीकडे वळताना ती वळायला नाखूश, डावीकडे वळताना मागून निसटणारी. पोरगा येऊन सांगतो, गाडी चालत नाही. गाडी चालते, पण अर्ध्याच वळणांवर.

उपाय म्हणजे शॉक अॅब्सॉर्बरवरची एक पितळी रंगाची चकती. खास पान्याने ती फिरवली की स्प्रिंगची बैठक वरखाली होते. मला गुंतवून ठेवलं ते इथल्या गणिताने. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर चकती आवळली की तिथलं वजन वाढतं, आणि त्याच क्षणी ज्याला कुणी हातही लावलेला नाही त्या मागच्या उजव्या चाकाचंही वाढतं. उरलेल्या दोघांचं घटतं. पण पुढच्या दोघांची बेरीज आणि मागच्या दोघांची बेरीज तीच राहते, कितीही फिरवा. ती बदलायची तर गाडीतली एखादी जड वस्तू उचलून दुसरीकडे ठेवावी लागते. म्हणून अण्णा एक फेरा फिरवायचा, गाडी वरून दोनदा दाबून स्प्रिंग बसवायचा, आकडा पाहायचा, आणि अर्धा फेरा मागे घ्यायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. मधेच उंची बिघडली की चारही कोपरे परत. कंटाळ्याची एक रेघ त्याच्या चेहऱ्यावर मला दिसली नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एकाच साच्याच्या शर्यतीत बाकी काही हातात राहत नाही म्हणून. इंजिन सील केलेलं, टायर सगळ्यांचे एकाच कंपनीचे, सांगाडा सगळ्यांचा एकच. उरतात ती वजनं, चाकांचे कोन आणि टायरमधली हवा. चाकांचा कोन मोजायला गाडीच्या दोन्ही बाजूंनी नायलॉनचा दोरा ताणून पोलादी पट्टीने अंतर मोजतात. हवा भरताना कोइंबतूरचं ऊन धरावं लागतं. टायर दहा अंशांनी तापला की दाब एक-दीड पीएसआयने चढतो. सकाळच्या सरावातला दाब दुपारच्या शर्यतीत चालत नाही. अण्णाच्या वहीत वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी होत्या, ट्रॅकचं तापमान, सकाळचा दाब, परत आल्यावरचा दाब. कोणत्याही कॉलेजात हे ज्ञान शिकवत नाहीत, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

दुपारी शर्यत सुरू झाली तेव्हा पंख नसण्याचा फायदा समजला. पंखांच्या गाडीला पुढच्या गाडीने ढवळलेली हवा मिळाली की तिची पकड कमी होते, त्यामुळे वळणावर जवळ जाणं अवघड. इथे ते भय नाही. सरळ पट्ट्यावर पुढच्याच्या आडोशाला लपायचं, त्याने फोडलेल्या हवेत वेग कमवायचा, आणि ब्रेकच्या वेळी बाहेर पडायचं. पाच-सहा गाड्या एकमेकींना चिकटून वळणात शिरतात, दर फेरीला क्रम बदलतो. ब्रेक मारताना उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक, त्याच पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला टिचकी, डाव्या पायाने क्लच, हाताने खालचा गिअर. हे सगळं एका दमात जमलं नाही तर मागची चाकं क्षणभर अडखळतात आणि गाडी गिरकी घेते. त्या दिवशी दोन गाड्यांनी ती घेतली. चूक तिथल्या तिथे दिसते आणि तिला लपायला जागा नाही. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

गॅरेजच्या मागे कोल्हापूरचं एक कुटुंब भेटलं. मराठी ऐकून मुलाच्या वडिलांनी स्वतःहून हाक मारली. ‘‘पाव्हणं, कुठलं तुमी?’’ त्यांचं उद्यमनगरात मशीनशॉप, पिढीजात. कोल्हापूरला रेसिंगचं वेड आहे हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक तिथे आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या त्यावर झाल्या आहेत, आणि कृष्णराज महाडिक तिथून निघून ब्रिटिश फॉर्म्युला ३मध्ये पोहोचला. मला यात आश्चर्य वाटत नाही. ऑइल इंजिनं, ओतकाम आणि लेथवर वाढलेलं ते शहर. कोइंबतूरचे पंप आणि ओतशाळाही त्याच जातकुळीच्या. धातू तासण्याची सवय असलेल्या गावांत मोटारीचं खूळ रुजतं. या गृहस्थांनी मुलाच्या गाडीसाठीचे काही बुश स्वतःच्या लेथवर तासून आणले होते आणि तपासणीत ते चालतील की नाही, याची त्यांना मुलाच्या क्रमांकापेक्षा जास्त चिंता होती.

मुलगा सतरा वर्षांचा. ‘‘काका, पुढं काय ते पप्पांनाच विचारा,’’ एवढंच म्हणाला आणि बूट काढायला बसला. पप्पांकडे उत्तर नव्हतं.

पुढे काय, हा प्रश्न या सगळ्या रांगेत प्रत्येक पालकाचा आहे. नारायण कार्तिकेयन इथल्याच मातीतला. इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर देशी गाड्या चालवून तो बाहेर गेला आणि २००५मध्ये जॉर्डनच्या गाडीतून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय झाला. करुण चंदोकने २०००मध्ये फॉर्म्युला मारुतीचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं आणि २०१०मध्ये तोही तिथे पोहोचला. नंतरच्या पिढीने मात्र वाट बदलली. मुंबईचा जेहान दारुवाला २०११च्या फोर्स इंडिया शोधमोहिमेतून निवडला गेला, कार्टमधून थेट युरोपच्या शर्यतींकडे गेला आणि डिसेंबर २०२०मध्ये साखीरला फॉर्म्युला २ची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. बंगळूरचा कुश मैनी इटलीतल्या फॉर्म्युला ४मधून वर गेला आणि २०२५मध्ये मोनॅकोतली फॉर्म्युला २ची स्प्रिंट शर्यत त्याने जिंकली. कोइंबतूरची पायरी दोघांनीही वगळली.

याचं कारण कागदावर आहे. फॉर्म्युला वनचा सुपर परवाना हवा तर तीन मोसमांत ४० गुण लागतात. फॉर्म्युला ४चं अजिंक्यपद १२ गुण देतं. फॉर्म्युला एलजीबी ४ जिंकणाऱ्याला शून्य. पालक हिशेब करणारच. आणि हिशेब युरोत आहे: तिकडे फॉर्म्युला ४च्या एका मोसमाला काही लाख युरो लागतात, फॉर्म्युला २पर्यंत जाईतो आकडा वीस लाख युरोंच्या पुढे जातो. उद्यमनगरचं मशीनशॉप विकूनही तो भरून निघत नाही.

म्हणून २०२३मध्ये भारतातच फॉर्म्युला ४ सुरू झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आजही आहे. घराजवळ गुण मिळण्याची सोय झाली. पण पहिल्या मोसमाचा विजेता ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर, दुसऱ्याचा दक्षिण आफ्रिकेचा अकिल अलीभाई. बाहेरची तयार मुलं इथे गुण कमवायला येतात, यात त्यांची चूक नाही. आपली मुलं त्यांच्यासमोर किती फेऱ्या चालवून उभी राहतात, हा प्रश्न आहे. सरावाला ट्रॅक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ग्रेटर नोएडाचं पाच किलोमीटरचं बुद्ध सर्किट २०१३नंतर फॉर्म्युला वनला मुकलं. मालिकेत गोवा एसेस नावाचा संघ आहे, पण गोव्यात त्याला सरावाला सर्किट नाही.

सुरक्षेची चिंता याहून मोठी. ऑगस्ट २०२३मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर बंगळूरचा तेरा वर्षांचा दुचाकीस्वार शर्यतीत पडून मरण पावला. ती दुचाकी होती, ही चारचाकी; पण अल्पवयीन मुलाला वेगाच्या हवाली करणाऱ्या आई-बापांचा प्रश्न तोच. एलजीबी ४मध्ये डोक्यामागे पोलादी कमान आहे, डोक्याभोवतीचं हेलो नाही. फॉर्म्युला ४च्या गाडीत हेलो आहे, कार्बनचं कवच आहे, आणि याबाबतीत ती निःसंशय सरस आहे. माझ्या मुलाला बसवायचं झालं तर मी तिलाच निवडेन.

आणि तरी अण्णाच्या गॅरेजचं काय होणार, हे मनातून जात नाही. एलजीबी ४ची नळी वाकली की तो ती कापतो, नवी बसवतो, वेल्डिंग करतो, रात्रीतून गाडी पुन्हा काट्यांवर चढवतो. त्याच्या हाताखाली तीन पोरं हेच शिकत आहेत. फॉर्म्युला ४च्या मायगाल गाडीचं कार्बनचं कवच तडकलं तर तिला वेल्डिंगचा उपयोग नाही. नवं कवच फ्रान्समध्ये मॅन्यि-कूरच्या कारखान्यातून मागवायचं. कार्बनची दुरुस्ती शिकवणारं केंद्र कोइंबतूरला किंवा कोल्हापूरला उभं करायला पैसा लागेल, पण हात तयार आहेत. क्रीडा महासंघाने आणि टायर कंपन्यांनी चालकांच्या शोधमोहिमा आजवर काढल्या, तशी एखादी मेकॅनिकांसाठी काढावी, असं मी तिथल्या एका पदाधिकाऱ्याला सुचवलं. त्यांनी मान डोलावली आणि निधी कोण देणार, असं विचारलं. ते विचारणं रास्त होतं. कोल्हापूरच्या गृहस्थांनी मात्र ते ऐकून स्वतःच्या कारखान्यातली दोन मुलं पुढच्या मोसमात अण्णाच्या हाताखाली पाठवायचं कबूल केलं, राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतः सोसून.