वेबचे पान कोणाच्या हातात उघडते?

माझा व्यवसाय वेबची पाने रचण्याचा आहे. छापखान्यात पूर्वी जुळारी खिळे जुळवून मजकुराचे पान तयार करीत असे. मी तेच काम संगणकावर करतो. फरक एवढाच, की जुळाऱ्याचे पान एकदा कागदावर उमटले म्हणजे शहरात वाचा नाहीतर पाड्यावर वाचा, ते सारखेच दिसे. माझ्या पानाचे तसे नाही. ते दर वेळी वाचणाऱ्याच्या फोनपर्यंत प्रवास करते आणि तिथे पोचल्यावर नव्याने जुळते. हा प्रवास वाटेत अडला, तर पान कितीही देखणे असो, वाचणाऱ्याला ते नसल्यासारखेच. ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नाही. डोंगराकडच्या एका शाळेतल्या गुरुजींनी शिकवली. तीच आज आपल्याला सांगायची आहे.

कोणी म्हणेल, वेबच्या पानाशी आमचा काय संबंध? पण आता सातबारा वेबवर मिळतो, दहावीचा निकाल वेबवर लागतो, पीकविम्याचा अर्जही तिथेच भरावा लागतो. तलाठ्याची चावडी आणि शाळेचा सूचनाफलक, दोन्ही फोनमध्ये येऊन बसले आहेत. मग त्या फलकापर्यंत आपला हात पोचतो की नाही, हा प्रश्न आपलाच झाला.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेने शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान करण्याचे काम मला दिले. मी मोठ्या हौसेने ते केले. वर संस्थेच्या इमारतीचा भव्य फोटो, सुबक अक्षरवळणे, एक रकाना भरला की दुसरा अलगद सरकत पुढे येई. पाहणाऱ्यांनी वाहवा केली. दिवाळी होऊन गेली होती. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना मला एका गुरुजींचा फोन आला.

"साहेब, पान उघडतं, गोल चक्र फिरतं, आणि ते फिरतच राहतं."

मी म्हणालो, "गुरुजी, माझ्याकडे तर दोन सेकंदांत उघडतंय."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडं उघडून काय उपयोग? अर्ज माझ्याकडच्या पोरांचा आहे ना!"

यावर मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी त्यांच्या गावी गेलो. शाळेत रेंज येत नव्हती. ती मिळे देवळाच्या पायऱ्यांवर. गुरुजी मुलांना घेऊन तिथे बसले होते. त्यांच्या जुन्या फोनवर मी माझेच पान उघडले, आणि माझेच चक्र फिरताना पाहत बसलो. पाच मिनिटे झाली, रेंज तुटली, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

आता हे असे का झाले, ते समजून घेऊ. वेबचे पान तीन वस्तूंनी बनते. घराच्या उदाहरणाने सांगतो. पहिली वस्तू एच.टी.एम.एल.; म्हणजे घराच्या भिंती आणि खोल्या. कुठे मथळा, कुठे मजकूर, कुठे रकाना, हे ती सांगते. दुसरी सी.एस.एस.; म्हणजे रंगरंगोटी. तिसरी जावास्क्रिप्ट, म्हणजे घरातले वीजपाण्याचे काम. बटण दाबले की काहीतरी घडते, ते तिच्यामुळे.

या तिन्ही वस्तू एकदम जन्मल्या नाहीत. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९१ साली पहिले पान जगापुढे आले. त्यात एकही चित्र नव्हते. नुसता मजकूर, आणि एका शब्दावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. त्याची प्रत आजही पाहता येते आणि साध्यातल्या साध्या फोनवर चटकन उघडते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी विद्या विनामूल्य सर्वांना खुली केली. गावच्या विहिरीचे पाणी सर्वांना मोकळे करावे, तसे ते झाले. जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत रचली, आणि सी.एस.एस.चा पहिला ठरीव नमुना डिसेंबर १९९६ मध्ये जाहीर झाला.

आता वजनाचा हिशेब करू. गुरुजनांनी हा वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा, मुलांना गंमत वाटेल. संगणक प्रत्येक गोष्ट बाइटमध्ये मोजतो. हजार बाइटांचा एक किलोबाइट, हजार किलोबाइटांचा एक मेगाबाइट, असे ढोबळ धरू. वेबवर देवनागरी लिहिताना प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे मोजायची. पुस्तकाच्या भरगच्च पानावर अशी २,००० चिन्हे धरली, तर पानाचे वजन झाले ६ किलोबाइट. माझ्या त्या इमारतीच्या फोटोचे वजन होते ३ मेगाबाइट. म्हणजे एका फोटोच्या वजनात ५०० पानांचा ग्रंथ मावला असता!

मंद रेंजवर सेकंदाला साडेबारा किलोबाइट येतात असे धरा. ३ मेगाबाइटांना लागतील २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटे. तीही रेंज एकदासुद्धा तुटली नाही तर. पण माझी खरी चूक पुढेच होती. अर्जाचे रकाने मी साध्या एच.टी.एम.एल.मध्ये लिहिलेच नव्हते. ते जावास्क्रिप्टने काढायचे होते. ती जावास्क्रिप्टही जडच, आणि फोटोबरोबर एकाच अरुंद वाटेने चाललेली. दोघांची वाटेत रेटारेटी. ती पोचेपर्यंत चक्र फिरणार, आणि पोचल्यावरही जुन्या फोनला ती वाचून राबवायला वेळ लागणार. फोटो नुसता दाखवायचा असतो. जावास्क्रिप्टचे काम फोनला करावे लागते. म्हणून महागड्या फोनवर जे क्षणात होते, तिथे स्वस्त फोन धापा टाकतो.

मग मी इतके जड पान केलेच का? कारण माझी अवजारे. आम्हा रचनाकारांना आज तयार सामानाचा डोंगर मिळतो. बूटस्ट्रॅप २०११ साली आले, रिॲक्ट २०१३ साली; याआधी आणि यानंतरही अशी कितीतरी साधने आली. तयार दारे, तयार खिडक्या आणाव्यात आणि बसवाव्यात. महिन्याचे काम आठवड्यात होते, हा मोठा फायदा आहे, तो मी नाकारीत नाही. पण एक खिडकी हवी म्हणून आपण कधीकधी पूर्ण वखारच गाडीत भरतो, आणि ती गाडी ओढायला लागते वाचणाऱ्याच्या फोनला. वेळ वाचला माझा, गेला गुरुजींचा. असा हा व्यवहार असतो, आणि तो आम्हाला दिसत नाही, कारण आमच्या टेबलावर वेगवान तार आणि भारी यंत्र असते.

दुसऱ्याच्या सामानावर किती विसंबावे, याचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. 'लेफ्ट-पॅड' नावाचा एक चिमुकला कार्यक्रम होता, अवघ्या ११ ओळींचा. हजेरीपटावर ७ हा आकडा ००७ असा लिहायचा असेल, तर डावीकडे शून्ये भरायची, एवढेच त्याचे काम. जगभरच्या रचनाकारांनी तो आपापल्या कामात नकळत गोवला होता. मार्च २०१६ मध्ये त्याच्या कर्त्याने वादावादीतून तो सामायिक भांडारातून काढून घेतला, आणि हजारो ठिकाणची कामे ठप्प झाली. काही तासांत तो परत ठेवण्यात आला. पाचवीच्या मुलाला सांगता येईल अशी ती कृती होती. पण सगळ्यांनी ती शेजाऱ्याकडून उसनी आणली होती. उसनवारी वाईट नाही. पण आपल्या घरात काय काय उसने आहे, त्याची यादी असावी.

कामाला गती देणारी म्हणून जी दुसरी साधने निघाली आहेत, त्यांच्याबद्दलही अनुभवाचे दोन शब्द सांगतो. कामांच्या याद्या ठेवणारी, आठवण करून देणारी, सहकाऱ्यांशी दिवसभर निरोपानिरोपी करणारी अशी पाच-सहा साधने मी एके काळी वापरीत असे. संध्याकाळी पाहावे तर याद्या सुरेख, रंगीत, आणि काम जागच्या जागी! आउतांना तेल लावण्यातच दिवस गेला, नांगरट राहिली, असा प्रकार. आता मी तीनच गोष्टी ठेवल्या आहेत. एक, कागदावरची यादी, तिच्यात रोजची तीन कामे. दुसरी, फ्रान्सेस्को सिरिल्लो या इटालियन गृहस्थांनी सांगितलेली घड्याळाची रीत: २५ मिनिटे एकच काम, मग ५ मिनिटे विसावा. शाळेच्या तासाची घंटा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. तिसरी गिट नावाची वही. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. कामात केलेला प्रत्येक फेरफार तीत तारखेनिशी नोंदला जातो, आणि चुकले तर मागच्या पानावर परत जाता येते. सावकाराच्या चोपडीपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे.

त्या गुरुजींच्या गावाहून मी रात्री परतलो आणि पान मोडून नव्याने रचले. फोटो काढला. अक्षरवळणे काढली, प्रत्येक फोनमध्ये देवनागरी अक्षर असतेच, तेच वापरले. रकाने साध्या एच.टी.एम.एल.मध्ये लिहिले. सगळ्याचे वजन १०० किलोबाइटांच्या आत आले. म्हणजे त्याच मंद रेंजवर आठ सेकंद. शेवटच्या दिवशी दुपारी ते पान वर चढवले. संध्याकाळी गुरुजींचा फोन आला, "सात अर्ज गेले."

मी विचारले, "नऊ होते ना?"

ते म्हणाले, "दोघी बहिणी होत्या. आईबाप सह्या करायला तीन दिवसांखाली आले होते, तेव्हा पान उघडलं नाही. काल रात्री ऊसतोडीची गाडी आली. पोरींना घेऊन गेले."

श्रोतेहो, माझ्या धंद्यात पानाचे वजन किलोबाइटमध्ये मोजतात. त्या दिवसापासून मला ते वजन वेगळ्या मापाने कळते. पान मंद रेंजवर कसे उघडेल, हे पाहण्याची सोय ब्राउझरमध्येच असते, तीही फुकट. दोन बटणे दाबायची. मी ती कधी दाबली नव्हती, एवढीच माझी चूक. पण तिची किंमत मी भरली नाही.

आता गुरुजनांसाठी थोडे कामाचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि त्यानंतर मराठीत सांगितले तरी पान रचून देणारी यंत्रे हाताशी आली आहेत. आपल्या शाळेचे पान आपण स्वतः करू शकाल. जरूर करावे. मात्र यंत्राला आपण जे सांगू, तेच ते मुख्यतः पाहते. 'सुंदर पान कर' म्हटले, तर ते सजवील. 'जुन्या फोनवर, मंद रेंजवर उघडणारे हलके पान कर' हे सांगायला माणूसच लागतो. आणि ते खरेच हलके झाले की नाही, हे तपासायलाही.

दुसरे, सूचना अक्षरांतच लिहावी. पूर्वी वेबवर मराठीचे हाल होते. ज्याचे त्याचे अक्षरवळण निराळे, ते आपल्याकडे नसले तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोड रुळल्यापासून ती अडचण दूर झाली. तरीही पुष्कळ ठिकाणी कागदाचा फोटो काढून सूचना म्हणून चढवतात. फोटोतली अक्षरे शोधता येत नाहीत, वजन शेकडो पटींनी वाढते, आणि अंध व्यक्तीला फोन जो मजकूर वाचून दाखवतो, तो फोटोपाशी बहुधा मुका होतो.

तिसरे, फोटो हवाच असेल तर लहान करून घालावा. चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे: पान तयार झाले, की गावातला सर्वांत जुना फोन मागून आणावा, जिथे रेंज सर्वांत कमी तिथे जाऊन उभे राहावे, आणि तिथे ते उघडून पाहावे. तिथे उघडले, तर ते सगळीकडे उघडेल.

आणि आपण सर्व श्रोत्यांनी एक करावे. एखादे पान उघडत नाही, तेव्हा आपला फोन जुना, आपल्याला समजत नाही, असे म्हणून गप्प बसू नये. त्या गुरुजींसारखा फोन करावा. दोष बहुतेक वेळा रचणाऱ्याचा असतो, आणि कोणी सांगितल्याशिवाय तो त्याला दिसत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.