मजुरी घड्याळाची की कामाची?

व्याख्यान आटोपून व्यासपीठावरून उतरलो, की एखादे तरी गृहस्थ आम्हांला गाठतात आणि विचारतात, "तुमचे कामगार आठ तास भरतात हे कबूल, पण आठ तासांचे काम करतात का?" प्रश्न रागाने विचारलेला असतो, पण तो खोटा नाही. घड्याळाकडे डोळे लावून बसणारा माणूस आम्हीही पाहिला आहे; तो आमच्याच युनियनचा वर्गणीदार होता. तेव्हा हा प्रश्न टाळण्यापेक्षा नीट उलगडून पाहू.

प्रारंभ पेणपासूनच करू. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. साच्यातून मूर्ती काढणे, जोड बुजवणे, घासणे, रंगवणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी, अशी कामाची वाटणी असते. काही काम रोजावर चालते, काही नगावर. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका कारखान्यात गेलो होतो. तेथे सगळेच काम नगावर होते. ते बंद करून सर्वांना सरसकट रोज मागायचा, असे आम्ही घरूनच ठरवून गेलो होतो. सभा भरली, आमचे भाषण झाले. मग आखणी करणारे एक वयस्क कारागीर उठले आणि म्हणाले, "भाऊ, हा हात बसायला तीस वर्षं गेली. दुसरा एका मूर्तीचे डोळे काढतो तोवर मी तीन मूर्ती हातावेगळ्या करतो. मला घड्याळाला बांधून तुम्ही कुणाचं भलं करणार?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. तेवढ्यात मागच्या बाजूने घासकाम करणाऱ्या एक बाई बोलल्या, "बाबांचं खरं आहे. पण आमच्या पुढ्यात मूर्ती येते ती ओली. पावसात दोन-दोन दिवस सुकत नाही. तोवर आम्ही बसून. त्या बसण्याचे पैसे कोण देणार? आणि ओल्या मूर्तीचं बोट तुटलं, तर ते आमच्याच नावावर."

एकाच छपराखाली दोघेही खरे बोलत होते. फरक इतकाच, की कारागिराच्या कामाचे फळ त्यांच्या स्वतःच्या हातात होते. बाईंचे फळ पावसाच्या, शाडूच्या आणि मालकाने केलेल्या आखणीच्या हातात होते. आम्ही शिकून आलेली एकच मागणी दोघांच्या गळ्यात बांधायला निघालो होतो. शेवटी आखणी नगावरच राहिली. घासकामाला रोज आणि ठरावीक नगांच्या वर झालेल्या कामाला जादा पैसे, असे ठरले. पहिल्या वर्षी मोजणीवरून भांडणे झाली. दुसऱ्या वर्षापासून दोन वह्या ठेवल्या, एक मालकाची आणि एक बायांची. मग भांडणे कमी झाली.

हा अनुभव मुंबईच्या गिरणी कामगाराला फार पूर्वीच आला होता. तेथे विणकराला मजुरी तयार कापडावर मिळे. पण सूत हलके आले, की धागा वारंवार तुटे, माग थांबे आणि मजुरी विणकराची कापली जाई. बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची चालही होती. त्यातच दोन मागांऐवजी तीन माग सांभाळण्याची योजना पुढे आली. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यामागे ही सारी कारणे होती. फळ मोजायला त्यांची ना नव्हती. सूत कोणाचे, हे न विचारता मोजायला होती.

दुसरा प्रश्न दराचा. अमेरिकेतील टेलर या इंजिनियराने १९११ साली कामाच्या शास्त्रशुद्ध पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो, की लोखंडाच्या लगडी उचलणारा मजूर दिवसाला साडेबारा टन उचलीत असे. त्याच्या पद्धतीने तो साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला, आणि त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. त्रैराशिक मांडून पाहा. काम जवळजवळ चौपट, मजुरी दुप्पटही नाही. कामगार जास्त काम दाखवायला कचरतो, त्याला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा त्यामागे भीती असते, की आज जास्त केले तर उद्या दर उतरेल.

आता रोह्याकडे वळू. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत काम पाळ्यांनी चालते. पहाटे तीन वाजता ऑपरेटर रिॲक्टरजवळ उभा असतो. तापमान पाहतो, दाब पाहतो, गार पाण्याचा व्हॉल्व्ह जरा उघडतो, जरा मिटतो. बाहेरच्याला वाटेल, हा नुसता उभा आहे. त्याच्या रात्रीचे उत्तम फळ कोणते? काहीच न घडणे. ते कोणत्या वहीत लिहायचे? बॅचच्या संख्येवर पैसे द्यावेत, तर गार व्हायला लागणारी दहा मिनिटे वाचवण्याचा मोह आपणच त्याला घालतो. तयार मालाचा उतारा मोजता येतो. कुंडलिका नदीत न गेलेले घाण पाणी मोजायला कोणी बसत नाही. 'काहीच न घडणे' किती मोलाचे असते, हे १९८४ साली भोपाळने देशाला दाखवले. पहारेकरी, परिचारिका, रेल्वेचा पॉइंट्समन यांचे काम याच जातीचे. त्यांना तासच लावला पाहिजे, आणि तो तास जागेपणाचा असला पाहिजे, हेही आम्ही कामगारांना तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

तासाची मर्यादाही कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. कारखान्यातील आठवडा १९२२ साली ६० तासांचा, १९३४ साली ५४ तासांचा आणि पुढे १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांचा झाला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने किमान मजुरीचा आधार दिला, आणि २०१९ च्या वेतन संहितेत ते तत्त्व कायम आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात, मालकाने नाकारलेल्या विड्यांचा तंटा सोडवण्याची सोय केली गेली. कारण फळ चांगले की वाईट हे एकट्या मालकाने ठरवले, तर मजुरी ठरवण्याला काही अर्थच उरत नाही.

यातून आम्ही काढलेला निष्कर्ष साधा आहे. फळावरून माणूस जोखायचा तर आधी तीन गोष्टी पाहाव्यात. ते फळ त्याच्या हातात आहे काय? मोजणीची वही दोघांच्या हातात आहे काय? आणि फळ आले नाही त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटेल, इतका रोज कायम आहे काय? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर खुशाल काम मोजा. चांगला कारागीर त्याला भीत नाही. एकाचेही उत्तर नाही असेल, तर कामाच्या नावाने आपण नुकसानीचा बोजा तेवढा खाली ढकलीत आहोत.

श्रोत्यांपैकी कोणी दुकानदार असतील, कोणी शिक्षक, कोणी गृहिणी. घरी गेल्यावर, आपल्याकडे काम करणाऱ्या एकाच माणसाला हे तीन प्रश्न लावून पाहावेत. त्या बाईंनी आम्हांला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच सुरू होते: बसण्याचे पैसे कोण देणार?