पाचगणीच्या फाटकापाशी

बँड म्हटला की आमच्या वैजापूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: लाल डगले, त्यांवर पिवळ्या दोऱ्या, त्या डगल्यांशी कसलाही संबंध नसलेल्या पायांतल्या चपला, आणि वरातीपुढे घामाघूम होऊन वाजणारे ते पितळी भोंगे. माझ्याही डोळ्यांपुढे तेच येई. म्हणून 1992 साली औरंगाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दिवाळीच्या सुटीला घरी आलेला माझा थोरला भाऊ जेवताना म्हणाला, "मला एक बँड फार आवडायला लागला आहे," तेव्हा वडिलांनी ताटावरची मान वर न करता विचारले, "कुणाच्या लग्नात ऐकलास?"

दादाने सांगितले की, हा बँड लग्नात वाजत नाही, विलायतेत वाजतो. त्यात चार जण आहेत. नाव 'क्वीन'.

"चौघे पुरुष, आणि नाव राणी!" वडील म्हणाले, आणि विषय संपला. निदान आम्हाला तसे वाटले.

तो संपला नाही. दादाने बॅगेतून एक कॅसेट काढली आणि त्या सुटीत माडीवरच्या खोलीत ती इतकी वाजवली की फीत अडकून बाहेर आली. मग पेन्सिल घालून ती पुन्हा गुंडाळण्याचे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा आठवीत होतो. त्या गाण्यांतले मला काही कळत नव्हते. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो, अधिव्याख्याता झालो, आणि आपल्याला काही कळत नाही याचाच अभिमान वाटू लागला. शहाण्या माणसाला अज्ञान मिरवायची हौस असते. ती मी पुरेपूर भागवून घेतली. "हे गाणे आहे की भाऊबंदकीचे भांडण?" असे मी विचारी, आणि दादा हसून आवाज थोडा कमी करी. त्याने कधी वाद घातला नाही. मला वाटे, त्याच्यापाशी उत्तर नाही.

दरवर्षी 5 सप्टेंबरला त्याचा न चुकता फोन यायचा. मला वाटायचे, शिक्षकदिनाच्या शुभेच्छा द्यायला. एकदा तसे बोलून दाखवले तर म्हणाला, "अरे, आज आमच्या फ्रेडीचा वाढदिवस. त्याला तर फोन करता येत नाही, म्हणून तुला करतो."

एप्रिल 2021 मध्ये पुण्याच्या एका इस्पितळात दादा गेला. ते दिवस कसे होते ते वाचकांना नव्याने सांगायला नको. आम्ही वैजापुरात, तो तिकडे. कुणाला तोंड पाहता आले नाही. सगळे परक्या माणसांनी, अंगभर झगे घालून, नियमाप्रमाणे उरकले. त्याची मुलगी, माझी पुतणी, तेव्हा चौदा वर्षांची होती. वर्षभराने कपाट आवरताना तिला बुटाच्या खोक्यात त्या कॅसेटी सापडल्या. घरात त्या वाजवायचे यंत्र उरले नव्हते. पण आजकाल कुठलेही गाणे मोबाइलवर मिळते. तिने एकेक कॅसेट हातात धरायची, तिच्यावरची नावे वाचायची आणि ती गाणी मोबाइलवर लावायची, असा क्रम सुरू केला.

आणि मग मला शिकवणी सुरू झाली. सुटीत वैजापूरला आली की ती माझ्या टेबलासमोर बसे, आणि वीस वर्षे वर्गात बोलत आलेला मी निमूटपणे ऐकत असे.

पहिल्याच धड्याला मी चकित झालो. ज्याला दादा 'आमचा फ्रेडी' म्हणे, तो खरोखरच निम्माअधिक आमचा निघाला! फ्रेडी मर्क्युरी हे पुढे घेतलेले नाव. मूळचा तो फरोख बुलसारा. गुजरातेतल्या बलसाडकडचे हे पारशी घराणे. वडील झांझिबारमध्ये इंग्रज सरकारच्या कचेरीत रोखपाल होते. 5 सप्टेंबर 1946 रोजी तिथेच त्याचा जन्म झाला. जेमतेम आठ वर्षांच्या या मुलाला बोटीत बसवून शिकायला धाडले ते आमच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. घरापासून हजारो मैल दूर. तोंडात चार दात जास्त असल्याने पुढचे दात बाहेर आलेले. मुलांनी त्यावरून चिडवायचे ते चिडवलेच. पण तिथेच तो पियानो शिकला, तिथेच मित्रांनी त्याला 'फ्रेडी' केले, आणि 1958 च्या सुमारास तिथेच पाच मुलांनी मिळून 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्या पाचांतला एक पुढे नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, एकाने पुण्यात खाणावळ काढून नाव मिळवले. पियानोवर बसणारा हा मुलगा झांझिबारला परतला. 1964 च्या क्रांतीत कुटुंबाला तिथून परागंदा व्हावे लागले आणि तो लंडनला पोहोचला. 'क्वीन' निघाला तो 1970 साली.

चौघांतला गिटारवाला ब्रायन मे याची हकीकत तर मी आमच्या स्टाफरूममध्ये तिखटमीठ न लावता सांगतो, तरी ती कुणाला खरी वाटत नाही. शाळेत असताना वडिलांच्या मदतीने त्याने जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड कापून स्वतःची गिटार तयार केली, आणि जन्मभर तीच वाजवली, तीही नखीऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने. खगोलशास्त्रातला त्याचा प्रबंध बँडच्या नादात अर्धवट राहिला होता. तो त्याने तीसहून अधिक वर्षांनी हाती घेतला आणि 2007 मध्ये डॉक्टरेट मिळवली. आमचे एक सहकारी तेव्हापासून त्याचे निस्सीम भक्त आहेत. गाणे त्यांनी अजून ऐकलेले नाही.

पण माहिती म्हणजे भक्ती नव्हे. माणसे एखाद्या गाणाऱ्यावर एवढा जीव का टाकतात? मी त्या मुलीला प्राध्यापकी थाटात हे विचारले, तेव्हा तिने मला 13 जुलै 1985 चे चित्रण दाखवले. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झालेला तो जलसा. बहात्तर हजार माणसे, भर दुपार सरलेली, आणि वीसएक मिनिटे मिळालेला हा मिशाळ गडी. मध्येच वाद्ये थांबवून तो नुसताच एक सूर लावतो आणि जनसमुदायाकडे पाहतो. तो सूर बहात्तर हजार कंठांतून परत येतो. तो वळण घेतो, तेही वळण घेतात. तो अवघड हरकत टाकतो. ते हसत हसत तीही उचलतात.

वाचकहो, मी मोबाइल खाली ठेवला. कारण हे मी पाहिलेले होते. आमच्या तालुक्याच्या कडेला, गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. तिथल्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे आमच्या भागातला केवढा सोहळा! लहानपणी आजोबांचे बोट धरून मी आणि दादा त्याला जात असू. गावोगावच्या भाकरी, कढयांतली आमटी, आणि टाळकऱ्यांची न संपणारी रांग. गायक चरण टाकतो आणि अफाट समुदाय ते उचलतो. आजोबा म्हणत, "गाणे त्याचे नव्हे रे, उचलणाराचे." विलायती गाणे आणि आमचा हरिपाठ यांना मी एका तागडीत घालतो आहे असे कुणी समजू नये, नामस्मरण ते नामस्मरण. पण त्या रांगेत उभे राहून आपला क्षीण आवाज हजारांच्या आवाजात मिळाला की माणूस थोडा वेळ एकटा राहत नाही, एवढे मात्र दोन्हीकडे सारखेच. दादाला ते वेम्ब्लीच्या मैदानात ऐकू आले, मला आले नाही. कान दोघांचे एकाच बेटावर तयार झाले होते.

आणि मराठी माणसाने तरी या वेडाला का हसावे? बालगंधर्वांच्या साड्यांची, केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करीत होत्या. 1911 साली 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची तान्ही मुलगी गेली आणि तरी त्यांनी प्रयोग केला, ही हकीकत सांगताना आमच्या आजोबांचा गळा दाटून येई. जणू आपल्याच घरातली लेक गेली. आवाज थकला, वय झाले, तरी त्यांची माणसे त्यांना सोडून गेली नाहीत. या निष्ठेला आपण रसिकता म्हटले. भावाच्या निष्ठेला मी खूळ म्हणत होतो.

फ्रेडी 24 नोव्हेंबर 1991 रोजी गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. एड्सने आजारी असल्याचे त्याने आदल्याच दिवशी जाहीर केले होते. तो शब्द त्या काळी आपल्याकडे कुजबुजीतच उच्चारला जाई. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. रक्षा मात्र कुठे ठेवली ते कधीच सांगितले गेले नाही. म्हणजे या माणसाला समाधी नाही. त्यामुळे भक्तांनी आपापली ठिकाणे शोधली. कुणी स्वित्झर्लंडमध्ये माँत्रू गावी सरोवराकाठच्या पुतळ्यापाशी जाते. लंडनमधल्या त्याच्या घराच्या भिंतीवर वर्षानुवर्षे लोक पत्रे लिहीत राहिले. आणि आपल्याकडचे काही जण पाचगणीला जातात.

"काका, आपण जाऊ या?" पुतणीने विचारले, तेव्हा मी लगेच हो म्हटले. त्याला कारण होते. 2008 साली मी पुण्याला दादाकडे उतरलो होतो. शनिवारी रात्री तो म्हणाला, "उद्या पाचगणीला येतोस? शाळा बाहेरून पाहून येऊ." मी म्हणालो, "फाटक काय पाहायचे? माझे पेपर तपासायचे राहिलेत." तो एकटाच गेला. संध्याकाळी परतला तो माझ्यासाठी स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली घेऊन. मी तोवर एकोणतीस पेपर तपासले होते. आकडा लक्षात राहिला आहे.

2024 मध्ये 24 नोव्हेंबरला रविवार होता. आदल्या दिवशी आम्ही वैजापूर सोडले. विधानसभेच्या निकालाचा दिवस. गावोगाव गुलाल, फटाके आणि छातीत धडधडणारे ते डीजे. निवडणुकीच्या कामाने मी आधीच शिणलो होतो. रात्री पुण्यात राहून सकाळी वाई गाठली, पसरणीचा घाट चढलो. वर थंड, निर्मळ ऊन, सिल्व्हर ओकची उंच झाडे, खाली कृष्णेचे खोरे. एवढासा पोर इथे आईवाचून राहिला, हे मनात आले आणि गाण्याआधी त्या पोराचीच दया आली.

मुलांची शाळा ती. उगाच आत शिरण्यात अर्थ नव्हता. आम्ही फाटकाबाहेर थांबलो. तिथे आधीच पाच-सहा जण होते. पुण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी, आणि थर्मास घेऊन त्यांची पत्नी. "मला यातले एक गाणे आवडत नाही," त्या बाई मोकळेपणाने म्हणाल्या, "पण यांच्या गुडघ्यांना सोबत लागते." साताऱ्याच्या एक शाळामास्तरीण होत्या. कोल्हापूरचे दोन तरुण होते, एकाने काजळाने मिशी काढलेली. दुसऱ्याची जीभ बोलताना फार अडखळे. नाव सांगायलाही त्याला श्रम पडले. मग त्याने डोळे मिटून हलक्या आवाजात एक गाणे म्हटले, सबंध, कुठेही न अडखळता. संपल्यावर तो पुन्हा "ध... ध... धन्यवाद" म्हणाला आणि आम्ही सगळे दुसरीकडे पाहू लागलो.

1977 साली या बँडने एक गाणे असे केले की त्यात जवळजवळ शेवटपर्यंत वाद्यच नाही. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी. श्रोत्यांना दाटीवाटीत उभे राहून काय करता येईल, या विचारातून ते सुचले. मुलांनी तो ठेका रस्त्यावर हळूच धरला. पुतणीने धरला. माझ्या पायांनी केव्हा धरला ते मला कळले नाही. त्यांना पावलीची सवय होती.

"पहिल्यांदाच आलात?" थर्मासवाल्या बाईंनी विचारले.

"हो. माझा भाऊ यायचा म्हणे. आम्ही वैजापूरचे."

त्यांनी माझ्याकडे, मग मुलीकडे नीट पाहिले. "उंच होते? चष्मा? शेंगदाण्याची चटणी आणायचे डब्यात?" आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, चटणीवाले!"

2016 पासून चार वर्षे तो दर 24 नोव्हेंबरला तिथे येत होता. ती चटणी आमच्या आईच्या हातची. घरात कुणाला त्याने अक्षराने सांगितले नव्हते. बँकवाल्या गृहस्थांनी मुलीला तो कुठल्या झाडाखाली बसे ते दाखवले, कुठल्या गाण्यावरून दोघांचा वाद होई ते सांगितले. माझ्याशी कधीही वाद न घालणारा दादा इथे तावातावाने भांडत असे! बाई मला म्हणाल्या, "धाकट्या भावाला एकदा आणणार आहे म्हणायचे. मराठीचा प्राध्यापक आहे, आला तर लिहील काहीतरी, म्हणायचे."

मी चहा घेतला. मुलगी त्या झाडाखाली जाऊन बसली होती. तिने खिशातून कॅसेट काढली, मांडीवर ठेवली, बराच वेळ तशीच बसली, आणि परत खिशात घातली.

घाट उतरायला लागलो तेव्हा दिवस कलला होता. मी म्हटले, "लाव काहीतरी."

"कुठले लावू, काका?"

"तुझ्या बाबाला आवडायचे ते."

तिने 1975 सालची 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लावली. सहा मिनिटांना थोडीच कमी. आधी विलाप, मग तिघांचेच आवाज एकावर एक चढवून उभा केलेला नाटकाचा सगळा ताफा, मग तडाखेबंद वादन, आणि शेवटी पुन्हा सगळे निवत जाते. आमच्या संगीत नाटकाचा एक अंकच म्हणा ना. मला शब्द निम्मे समजले. वाईचे दिवे दिसेपर्यंत तिने ते तीनदा लावले. चौथ्यांदा मीच सांगितले.