नाव बदलताना कंपनी काय बदलते

अमळनेरला १९४५ च्या अखेरीस एक कंपनी उभी राहिली. तिचं नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. महंमद हशम प्रेमजींनी खानदेशातल्या शेंगदाण्याच्या भरवशावर वनस्पती तुपाचा धंदा मांडला होता आणि नावात तो सगळा सांगून टाकला होता: प्रदेश कोणता, माल कसला. अशा नावात लपवायला जागाच नसते. पुढे १९६६ मध्ये वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण सोडून परत आले. १९७७ मध्ये कंपनी विप्रो प्रॉडक्ट्स झाली आणि १९८२ मध्ये नुसती विप्रो. तूप-साबणाच्या शेजारी तोवर संगणक येऊन बसला होता. जुन्या नावातले शब्द गेले, अक्षरं राहिली. आज बंगळुरूच्या काचेच्या इमारतीवर 'विप्रो' दिसतं, तेव्हा त्यातला 'वि' अमळनेरच्या 'वेस्टर्न'मधला आहे. नाव बदलण्याचा इतका सभ्य नमुना मला दुसरा माहीत नाही. कंपनीने स्वतःचा भूतकाळ पुसला नाही आणि त्यात अडकूनही पडली नाही.

आपल्याकडे कंपनीला नाव देण्याच्या रीती मुळात साध्या होत्या. घराण्याचं नाव द्यायचं: किर्लोस्कर, गोदरेज, बजाज. किंवा गावाचं: विलेपार्ल्यात कारखाना निघाला म्हणून पार्ले. पेंढरकरांनी १९५२ मध्ये धंदा सुरू केला तो विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावाने. त्यातला विष्णु म्हणजे केशव पेंढरकरांचे वडील. या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून झालं विको. दांडेकर आणि कंपनी १९३१ पासून शाई करत होती. तिच्या उंट छापाच्या शाईवरून कॅमलिन हे नाव आलं आणि शाळकरी मुलांच्या कंपासपेटीत जाऊन बसलं. गिरगावात सात बायकांनी १९५९ मध्ये पापड लाटायला सुरुवात केली. त्या पापडाला 'लिज्जत' हे नाव १९६२ मध्ये स्पर्धा घेऊन मिळालं. या नावांमागे कुणी सल्लागार नव्हता, की बाजाराची पाहणी नव्हती. घर, गाव, बाप आणि माल एवढ्यावर भागत असे.

अडचण सुरू होते ती नावात दोन माणसं असली की. जगदीशचंद्र महिंद्र, कैलाशचंद्र महिंद्र आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. दोनच वर्षांत फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. 'एम अँड एम' छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून दुसरा 'एम' राखला, असं सांगतात. ते खरं असो वा नसो, एक आडनाव दोनदा का, हा प्रश्न आज कुणाला पडतही नाही. पण त्या दुसऱ्या 'महिंद्रा'च्या जागी एके काळी एक मुसलमान भागीदार होता, आणि फाळणीने माणसांसारखी दुकानांची नावंही तोडली, हे या नावाचा इतिहास माहीत असलेल्याला विसरता येत नाही.

याच्या उलट उदाहरण मुंबईतच आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये भागीदारी सुरू केली. दोघेही केव्हाच गेले. आजची लार्सन अँड टुब्रो पूर्णपणे भारतीय आहे, पण नावाला कुणी हात लावला नाही. कुणी लावला असता तर ती मोठी चूक ठरली असती. धरण असो की मेट्रो, त्या दोन परदेशी आडनावांवर इथल्या तीन पिढ्यांच्या अभियंत्यांनी कष्टाचा थर चढवला आहे.

भागीदारी मोडली की नाव राहत नाही, हे पुण्याला चांगलं ठाऊक आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली कोथरूडची किर्लोस्कर कमिन्स इंजिनं बनवत होती. किर्लोस्करांनी आपला हिस्सा विकला आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनी कमिन्स इंडिया झाली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची गोष्ट त्याहून रंजक आहे. फिरोदियांच्या या कंपनीने १९५८ मध्ये जर्मनीच्या विडाल अँड झोन यांच्या 'टेम्पो' या तीनचाकी गाडीचा परवाना घेऊन उत्पादन सुरू केलं. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्राच्या गावागावांत मालवाहू छोट्या गाडीला, मग ती कुणीही बनवलेली असो, लोक टेम्पोच म्हणू लागले. वरातीला टेम्पो, गणपतीला टेम्पो, भाजीचा टेम्पो. दरम्यान जर्मनीतला मूळ कारखाना दुसऱ्यांकडे गेला आणि ती गाडी तिथल्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. पुण्याच्या कंपनीने २००५ मध्ये आपलं नाव फोर्स मोटर्स केलं. तिला ते करणं भाग होतं: बजाज हे नाव दुसऱ्या उद्योगसमूहाशी जोडलेलं आणि टेम्पो हा शब्द सगळ्या गावाचा झालेला. स्वतःचं म्हणावं असं त्या नावात काही उरलंच नव्हतं. यूटीआय बँकेची अडचणही याच जातीची होती. यूटीआय हे नाव इतर संस्थाही वापरत होत्या, म्हणून २००७ मध्ये बँकेने अ‍ॅक्सिस हे नाव घेतलं.

पिंपरीतल्या टेल्कोकडे मात्र थोडं थांबून पाहायला हवं. १९४५ मध्ये ही कंपनी टाटा लोकोमोटिव्ह अँड इंजिनिअरिंग कंपनी म्हणून सुरू झाली, कारण तिचं काम होतं जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिनं बांधणं. पुढे ट्रक मोठे झाले, रेल्वे इंजिनं मागे पडली, आणि १९६० मध्ये नावातही शब्दांची अदलाबदल होऊन इंजिनिअरिंग आधी आलं, लोकोमोटिव्ह नंतर. रेल्वे इंजिनांचं उत्पादन १९७० च्या सुमारास थांबलं, तरी 'लोकोमोटिव्ह' पाटीवर आणखी तीस वर्षं राहिलं. २००३ मध्ये टाटा मोटर्स हे नाव आलं, तेव्हा इंडिका रस्त्यावर येऊन काही वर्षं झाली होती. म्हणजे काम आधी बदललं आणि नाव त्याच्या मागून आलं. पिंपरी-चिंचवडमध्ये निवृत्त कामगार अजूनही "मी टेल्कोत होतो" असंच सांगतो, आणि ते योग्यच आहे. त्याची उमेद टेल्कोत खर्च झाली. २०२५ मध्ये या कंपनीचे दोन भाग झाले. मोटारींचा व्यवसाय मूळ कंपनीत राहिला आणि तिचं नाव टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स झालं. ट्रकचा व्यवसाय नव्या कंपनीकडे गेला आणि टाटा मोटर्स हे नाव तिला मिळालं. १९४५ ची नोंदणी एकीकडे आणि ओळखीचं नाव दुसरीकडे. घरात टाटा मोटर्सचे शेअर असलेल्या सामान्य माणसाला हे समजावून सांगताना आजही दोनदा सांगावं लागतं.

काही नावं बदलली तरी कानाला कळत नाही. १९०५ ची बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९४७ मध्ये महापालिकेकडे आली तेव्हा ट्रामवेजचं ट्रान्सपोर्ट झालं. शहर मुंबई झाल्यावर बॉम्बेचं बृहन्मुंबई झालं. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. पण 'बेस्ट' ही चार अक्षरं जशीच्या तशी राहिली. लाल बसची वाट पाहणाऱ्या मुंबईकराला यातला एकही बदल जाणवला नाही. उलट राज्य वीज मंडळाचं २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशी कितीतरी चांगली मराठी नावं आली, तरी खेड्यात वीज गेली की लोक अजून "बोर्डाच्या माणसाला फोन लाव" असंच म्हणतात.

मुंबईच्या मोबाइलधारकाने मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि २०२० पासून व्ही, अशी पाच नावं पाहिली. नंबर मात्र तोच. इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. मालाचं नाव वेगळं आणि कंपनीचं नाव वेगळं. मालाचं नाव मालक हवं तेव्हा बदलू शकतो. झोमॅटो कंपनी २०२५ मध्ये इटर्नल झाली, पण जेवण मागवायच्या अ‍ॅपवर झोमॅटोच राहिलं. कंपनीच्या नावाला मात्र कायद्याचं कुंपण आहे आणि ते कुंपण बऱ्यापैकी विचारपूर्वक घातलेलं आहे.

२०१३ चा कंपनी कायदा सांगतो की आधीच्या कंपनीसारखं किंवा तिच्या फार जवळ जाणारं नाव मिळणार नाही. 'नॅशनल', 'बोर्ड', 'कमिशन' असे सरकारी वाटणारे शब्द परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. नव्या कंपनीसाठी मंजूर झालेलं नाव वीस दिवस राखून ठेवतात, नाव बदलणाऱ्या जुन्या कंपनीसाठी साठ दिवस. बदलासाठी सभासदांचा विशेष ठराव लागतो: विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. त्यानंतर कंपनी निबंधकांचं नवं प्रमाणपत्र. ज्या कंपनीने वार्षिक विवरणपत्रं भरलेली नाहीत किंवा ठेवी परत केलेल्या नाहीत, तिला नाव बदलताच येत नाही, आणि ही अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. नवं नाव घेऊन जुन्या देण्यापासून पळता येऊ नये, हा तिचा हेतू. नाव बदललं तरी कंपनी तीच राहते. तिची कर्जं, करार, चालू खटले, कामगारांची सेवा, सगळं पुढे चालतं.

याच कायद्याच्या बाराव्या कलमात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या फार कमी लोक वाचतात. पहिली: नाव बदलल्यानंतर दोन वर्षं पाटीवर आणि पत्रांवर नव्या नावासोबत जुनं नावही छापावं लागतं. दुसरी: कार्यालयाबाहेरचं नाव त्या भागात वापरात असलेल्या भाषेच्या लिपीतही असलं पाहिजे. मराठी पाट्यांवरून आपल्याकडे राज्याचा कायदा, आंदोलनं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतची लढाई झाली. कंपन्यांपुरता हा नियम केंद्राच्या कायद्यात आधीपासूनच आहे, हे आपण आग्रहाने सांगायला हवं होतं.

स्वतःचं नाव आहे म्हणून कंपनीला देता येईलच असं नाही. महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स या कंपनीविरुद्ध महिंद्रा अँड महिंद्रा न्यायालयात गेली. कागद आणि जीप यांचा काही संबंध नाही, महेंद्र हे सर्रास आढळणारं नाव आहे, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मान्य केलं नाही आणि मनाई कायम ठेवली. अनेक वर्षं वापरून लोकांच्या मनात एका उद्योगाशी जोडलं गेलेलं नाव दुसऱ्याने घेतलं, तर फसतो तो ग्राहक. हा निकाल मला पटतो. नोंदणीकृत व्यापारचिन्हाच्या मालकाला तीन वर्षांच्या आत तक्रार करून दुसऱ्या कंपनीला नाव बदलायला लावता येतं. म्हणून लेटरहेड छापण्याआधी व्यापारचिन्हांची नोंदवही तपासणं हे नव्या उद्योजकाचं पहिलं काम.

सर्वांत वाईट नामांतरं शेअर बाजारासाठी झाली. १९९९-२००० च्या सुमाराला संगणकाशी काडीचा संबंध नसलेल्या कंपन्यांनी नावापुढे 'इन्फोटेक', 'सॉफ्टवेअर' जोडलं आणि भाव चढवून घेतले. हा रोग जगभरचा आहे. अमेरिकेतल्या लाँग आयलंड आइस्ड टी या चहा विकणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये लाँग ब्लॉकचेन असं नाव जाहीर केलं, आणि तिचा शेअर एका दिवसात कित्येक पटींनी उसळला. चहा तोच होता. आपल्याकडे सेबीचा नियम आता स्पष्ट आहे: शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीने नावातून नवा व्यवसाय सुचवला, तर मागच्या वर्षातलं किमान निम्मं उत्पन्न त्या व्यवसायातून आलेलं असावं किंवा निम्मी मालमत्ता त्यात गुंतलेली असावी, आणि आधीच्या नामांतराला एक वर्ष उलटलेलं असावं. विप्रो आणि टेल्कोने कुणी न सांगता जे केलं, तेच हा नियम सक्तीने करवतो. नावाने कामाच्या मागून यावं.

तरीही सामान्य माणसाचं नुकसान व्हायचं ते होतंच, आणि ते घरातल्या ट्रंकेत होतं. वडिलांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात घेतलेले कागदी शेअर अनेक मराठी घरांत पडून आहेत. त्यांवर टेल्को असतं, टिस्को असतं, हिंदुस्तान लिव्हर असतं, बजाज टेम्पो असतं. या नावांच्या कंपन्या आता नाहीत, असं समजून मुलं ते कागद रद्दीत घालतात. टिस्को २००५ मध्ये टाटा स्टील झाली, हिंदुस्तान लिव्हर २००७ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हर. शेअर जिवंत आहेत. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर लाभांश आणि शेअर दोन्ही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. वारसाला कागदपत्रं देऊन ते परत मागता येतात. कंपन्यांनी खरं तर आपली सगळी जुनी नावं वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर कायमची छापावीत. दोन वर्षांची मुदत त्यासाठी फार अपुरी आहे. तोवर हे काम आपल्यालाच करायचं आहे. दिवाळीची आवराआवर अजून संपली नसेल, तर जुना कागद फेकण्याआधी त्यावरच्या कंपनीचं आजचं नाव शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर शोधा, आणि मगच ठरवा.