विश्लेषण : एकाच गल्लीतल्या दोन हॉटेलांचे बिल वेगळे का? जीएसटी, सेवा शुल्क आणि ग्राहकाचा हक्क काय?

रविवारी संध्याकाळी अनेक घरांत स्वयंपाकाला सुट्टी असते. आजी-आजोबांना फार लांब जायचे नसते, मुलांना पावभाजी नाही तर पनीर हवे असते, म्हणून जवळच्याच ओळखीच्या हॉटेलात जायचे ठरते. जेवण छान होते, पण बिल हाती आले की प्रश्न सुरू होतात. मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या खानावळीने जीएसटी लावला नव्हता, मग इथे का? शेवटी जोडलेला १० टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ कसला? गल्ल्यावर विचारावे तर ओळखीत वाईटपणा येतो, न विचारावे तर शंका मनात राहते. या बिलात सरकारचा वाटा किती, मालकाचा किती आणि कोणती रक्कम नाकारता येते, याचा हा आढावा.

हॉटेलच्या जेवणावर जीएसटी किती?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा बिगर-वातानुकूलित हॉटेलांना १२ टक्के आणि वातानुकूलित हॉटेलांना १८ टक्के कर होता. ग्राहकांची नाराजी वाढल्यानंतर जीएसटी परिषदेने नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीच्या बैठकीत हा दर ५ टक्क्यांवर आणला. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. आता एसी आणि नॉन-एसी असा फरक राहिलेला नाही. बिलावर हा कर ‘सीजीएसटी २.५ टक्के’ आणि ‘एसजीएसटी २.५ टक्के’ अशा दोन ओळींत दिसतो. पहिली रक्कम केंद्राची, दुसरी राज्याची. ज्या निवासी हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असते, तिथल्या उपाहारगृहात मात्र १८ टक्के दर लागतो. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असून त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. त्यामुळे परमिट रूममधील बिलाचा हिशेब वेगळा असतो.

मग काही हॉटेले जीएसटी का लावत नाहीत?

कारण कायद्याच्या दृष्टीने सगळी हॉटेले एका गटात नाहीत. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते. २० लाख म्हणजे रोजचा सरासरी गल्ला सुमारे साडेपाच हजार रुपये. घरगुती खानावळी, लहान मिसळ केंद्रे यांतली बरीच या गटात येऊ शकतात. त्यांनी जीएसटी आकारण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा गट कम्पोझिशन योजनेतील हॉटेलांचा. वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत, म्हणजे रोजची सरासरी विक्री सुमारे ४१ हजार रुपयांपर्यंत असलेल्या आणि मद्य न देणाऱ्या हॉटेलांना ही योजना निवडता येते. हिशेब आणि विवरणपत्रे सोपी व्हावीत, हा तिचा हेतू. या हॉटेलांनाही उलाढालीवर ५ टक्के कर भरावा लागतो, पण तो ग्राहकाकडून वेगळा वसूल करता येत नाही. मालकाला तो आपल्या विक्रीतूनच द्यावा लागतो. त्यापलीकडची आणि योजना न निवडलेली नोंदणीकृत हॉटेले तिसऱ्या, नियमित गटात मोडतात. ती बिलावर ५ टक्के जीएसटी लावतात.

जीएसटी दिसत नाही म्हणजे मालक कर चुकवतो का?

तसे गृहीत धरता येत नाही. समजा, चौघांच्या जेवणाची मेनूकार्डप्रमाणे किंमत १,६०० रुपये झाली. नियमित गटातील हॉटेल त्यावर ८० रुपये जीएसटी लावून १,६८० रुपये घेते, ८० रुपये सरकारला भरते आणि १,६०० रुपये स्वतःकडे ठेवते. कम्पोझिशनमधील हॉटेल ग्राहकाकडून १,६०० रुपयेच घेते, त्यातून ८० रुपये सरकारला देते आणि त्याच्याकडे १,५२० रुपये उरतात. म्हणजे मेनूकार्डावरची किंमत सारखी असली, तर ‘जीएसटी न लावणारा’ लहान मालक त्याच जेवणाचे ८० रुपये कमी घेत असतो. उलट, कम्पोझिशन योजनेत असूनही कोणी बिलावर जीएसटीची वेगळी ओळ लावत असेल, तर ते नियमबाह्य आहे. कर म्हणून घेतलेली कोणतीही रक्कम सरकारजमा करणे कायद्याने बंधनकारक आहे.

हे जेवणाच्या टेबलावरच कसे तपासता येईल?

जीएसटी लावलेल्या बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा. त्याचे पहिले दोन अंक राज्याचा संकेतांक असतात. महाराष्ट्रासाठी २७, गोव्यासाठी ३०. पुढची दहा अंकाक्षरे व्यवसायाच्या पॅनची असतात. जीएसटीच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये हा क्रमांक टाकला, की व्यवसायाचे नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि करदाता ‘रेग्युलर’ आहे की ‘कम्पोझिशन’ हे दिसते. त्यासाठी लॉग-इनही करावे लागत नाही. कम्पोझिशनमधील हॉटेल ‘टॅक्स इनव्हॉइस’ देत नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’ देते. आपण कम्पोझिशन करदाता असून कर आकारण्यास पात्र नाही, असे त्यावर लिहिणे त्याला बंधनकारक असते. पाटीवरही योजनेचा उल्लेख करावा लागतो. याशिवाय १ जानेवारी २०२२ पासून खाद्यव्यावसायिकांच्या बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही आवश्यक आहे. साध्या कागदावर बेरीज करून दिलेल्या कच्च्या पावतीवर यातले काहीच नसते. त्या पावतीवर जीएसटी जोडला असेल, तर पक्के बिल मागावे.

सेवा शुल्क द्यावेच लागते का?

नाही. सेवा शुल्क म्हणजेच ‘सर्व्हिस चार्ज’ हा सरकारी कर नाही. ती हॉटेलने स्वतः जोडलेली रक्कम असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यानुसार बिलात सेवा शुल्क आपोआप जोडता येत नाही. दुसऱ्या नावाने ते घेता येत नाही. ग्राहकावर सक्ती करता येत नाही. ते न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. बिलात ही रक्कम मिळवून एकूण आकड्यावर जीएसटी लावणेही चूक ठरते.

हॉटेल व्यावसायिकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी या तत्त्वांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्याच महिन्यात तत्त्वांना स्थगितीही मिळाली. मात्र २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळून मार्गदर्शक तत्त्वे वैध ठरवली. त्यानंतर संघटनांनी खंडपीठाकडे अपील केले. सेवा शुल्क वेटरपासून स्वयंपाकघरातील कामगारांपर्यंत सर्वांत वाटले जाते, असे व्यावसायिकांचे म्हणणे आहे. ग्राहकाने खुशीने टीप देण्यास न्यायालयाच्या निर्णयाची आडकाठी नाही. आक्षेप आहे तो न विचारता घेण्याला.

वरच्याच उदाहरणात १,६०० रुपयांवर १० टक्के सेवा शुल्क म्हणजे १६० रुपये आणि १,७६० रुपयांवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ८८ रुपये धरले, तर बिल १,८४८ रुपये होते. सेवा शुल्क काढले की ते १,६८० रुपयांवर येते. फरक १६८ रुपयांचा. महिन्यातून दोनदा बाहेर जेवणाऱ्या कुटुंबासाठी वर्षाला हा फरक चार हजार रुपयांच्या वर जातो.

पाण्याच्या बाटलीला छापील किमतीहून जास्त पैसे घेता येतात का?

ग्राहकांना न पटणारा, पण कायद्याने हॉटेलच्या बाजूचा हा मुद्दा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले, की हॉटेलात बाटलीबंद पाणी देणे ही निव्वळ विक्री नसते. त्यासोबत बसण्याची जागा आणि सेवाही मिळते. त्यामुळे छापील किमतीहून अधिक रक्कम घेतल्याबद्दल वैधमापन कायद्याखाली कारवाई होऊ शकत नाही. कुटुंबाकडे सोपा उपाय एकच. बसताक्षणी वेटर बाटली पुढे करतो, तेव्हाच ‘साधे पाणी द्या’ असे सांगणे.

मालकाच्या हाती काय उरते?

५ टक्के दराला एक अट जोडलेली आहे. हॉटेलला खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, मिळत नाही. समजा, गाळ्याचे भाडे ६० हजार रुपये आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ते १०,८०० रुपये मालकाला दरमहा सोसावे लागतात. १९ किलोचा व्यावसायिक गॅस सिलिंडर, फ्रीज, एसी यांवरील करही असाच खर्चात जातो आणि शेवटी थाळीच्या किमतीत उतरतो. अनेक शाखा असलेल्या साखळीला मोठ्या खरेदीमुळे दरात सवलत मिळू शकते. एका गाळ्यावर चालणाऱ्या घरच्या हॉटेलला ती सोय नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरकपातीत लोणी, तूप आणि चीजवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, पाकीटबंद पनीरवरील ५ टक्के कर शून्यावर आला आणि एसीवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. वजावटच नसल्याने ही कपात हॉटेलच्या खर्चात थेट दिसायला हवी. जेवणावरचा ५ टक्के दर मात्र तसाच आहे.

पैसे देण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. बँक खात्यातून थेट यूपीआयने दिलेल्या रकमेवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क द्यावे लागत नाही. क्रेडिट कार्डावर ते द्यावे लागते.

तेच जेवण घरी मागवले तर?

१ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून मागवलेल्या हॉटेलच्या जेवणावरील जीएसटी सरकारला भरण्याची जबाबदारी अ‍ॅपचालक कंपनीवर आहे. हॉटेल नोंदणीच्या मर्यादेखालचे असले, तरी हा कर लागतो. म्हणून ज्या खानावळीत बसून जेवताना जीएसटी लागत नाही, तिच्याच डब्यावर अ‍ॅपमध्ये ५ टक्के जीएसटी दिसतो. त्यात अ‍ॅपचे शुल्क आणि पोहोचवण्याचा खर्च मिळतो. मालकाला अ‍ॅपला कमिशन द्यावे लागते, त्यामुळे पदार्थाची किंमतही अनेकदा जास्त लावलेली असते. हॉटेल जवळच असेल, तर फोन करून पार्सल आणणे दोघांनाही परवडते.

तक्रार कुठे करायची?

सेवा शुल्क लावले असेल, तर आधी व्यवस्थापकाला ते काढून नवे बिल देण्यास सांगावे. नकार मिळाल्यास बिलाचे छायाचित्र जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा. मात्र तक्रारीपूर्वी बिलातील ओळ नेमकी कोणती आहे हे पाहणे महत्त्वाचे. नियमित गटातील हॉटेलचा ५ टक्के जीएसटी हा सरकारचा पैसा आहे. त्यावरून काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून काही साधत नाही. सेवा शुल्क नाकारण्याचा हक्क मात्र ग्राहकाचा आहे आणि तो ओळखीच्या हॉटेलातही शांतपणे वापरता येतो. त्यातून वाचलेल्या रकमेतले काही रुपये दोन तास धावपळ केलेल्या वेटरच्या हातात थेट ठेवता येतात. किती ठेवायचे, हे मग ग्राहकानेच ठरवायचे.